तीन प्रश्न आणि माझ्या एकसष्ट ओळी

शब्बीर,

गेल्या आठवड्यात, तू गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, निमगावला आले तेव्हा माझ्या पर्समध्ये यादी होती. पाच गोष्टी. तुझ्या टेबलाच्या खणाची किल्ली. फ्लॉप्यांचा निळा डबा. उन्हाळी पाळीसाठी तू करत होतास ती प्रोग्रामची नवी बांधणी. भिगवणच्या पाणी संस्थेचं गटांचं रजिस्टर. आणि माझं पंच मशीन, जे तू दिवाळीपासून परत केलं नव्हतंस. तू असतास तर म्हणाला असतास, "मंगल, माझ्या चाळिसाव्याला तरी मोकळ्या हातानं यायचं." म्हणून यादी बाहेर काढली नाही. पण पाठ होती.

तुझ्या मुमताजनं मला आत बायकांत बसवलं, माझ्यासाठी वेगळा डाळ-भात केला होता, तो वाढला. खिडकीतून बाहेरचा मांडव दिसत होता. आपल्या सात संस्थांपैकी सहा संस्थांची माणसं आली होती. मी मोजली. भिगवणकडची तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेली. निघताना त्यांच्यातले नामदेवतात्या मला ओसरीवर भेटले. डोळे पुसत म्हणाले, "बाई, शब्बीरभाईचा प्रोग्राम आता कोण बघणार?"

शब्बीरभाईचा प्रोग्राम. त्यातलं निम्म्याहून जास्त मी लिहिलेलं आहे, आणि हे तात्यांना पाच वर्षांत तीनदा सांगून झालंय. चाळिसाव्याच्या दिवशी चौथ्यांदा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगते, त्या घडीला दुःख मागे राहिलं. पुढे होता तो हेवा. मी गेले तर किती ट्रॉल्या येतील, हा हिशेब मी तुझ्याच ओसरीवर उभी राहून केला. उत्तर तुला सांगत नाही. तू हसशील.

शाळेपासून असंच आहे. गणितात मार्क मला जास्त, आणि मुलं गणित विचारायला तुझ्याकडे. का, तर "शब्बीर झटक्यात सांगतो, मंगल सगळं सांगते." मी सगळं सांगते कारण सगळं लागतं. हे वाक्य तुझ्याशी किती वेळा भांडले असेन.

पाळीचं काम तू आणलंस. मी बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास घेत होते, तू अब्बांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून उठून संध्याकाळी शिकायला येत होतास आणि वर्षभरात माझ्याच शेजारच्या खुर्चीवर शिकवायला बसलास. एक दिवस कार्बन लावलेला ताव माझ्यापुढे टाकून म्हणालास, "ह्याच्यावरनं दर पाळीला डोकी फुटत्यात." ते पाळीपत्रक होतं. कुठल्या गटाला कधीपासून कधीपर्यंत पाणी, ते पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं हातानं लिहिलेलं. एकाचा अर्धा तास इकडचा तिकडं झाला की मारामारी. कॉम्प्युटरनं काढलेला कागद कुणाचा भाऊबंद नसतो, हे तुझं म्हणणं लोकांना पटलं. पंपघराच्या दारावर कागद चिकटवायचा आणि तो बोलेल तसं पाणी. वाद घालायचा नाही. हा नियम संस्थांनीच केला.

प्रोग्राम एक होता, पण प्रत्येक संस्थेसाठी तो वेगळा बांधावा लागे. कॉम्प्युटरची मेमरी तोकडी, सगळं त्यात मावायचं नाही. म्हणून ज्या संस्थेला जे भाग लागतील तेवढेच जोडून तिची फ्लॉपी तयार करायची. कुठले भाग घ्यायचे, कुठले गाळायचे, हे सांगणारी एक फाइल मी लिहिली. एकसष्ट ओळी. बहुतेक ओळींपुढे हो किंवा नाही, आणि खाली का हो, का नाही, याची टीप. संस्थेचा नियम बदलला की ती ओळ बदलायची आणि प्रोग्राम परत बांधायचा. मला ती फाइल फार आवडायची. अजून आवडते. आईच्या मसाल्याच्या डब्यासारखी, झाकण उघडलं की सगळं समोर.

आणि चूकही त्याच फाइलीतून झाली. माझ्याकडून. हे मी तुझ्यापुढे कधी सरळ कबूल केलं नाही.

भिगवणकडची संस्था ही आपली पहिली उपशाची संस्था. तोवरच्या सगळ्या कालव्यावरच्या, आपोआप वाहणाऱ्या पाण्याच्या. इथं धरणाच्या फुगवट्यातलं पाणी मोटारींनी उचलायचं. मी बारामतीकडची फाइल घेतली, नाव बदललं, गट बदलले, आणि एकेचाळिसाव्या ओळीला हात लावला नाही. तिथं लिहिलेलं होतं, वीज गेल्यास पाळी थांबते: नाही. पाटाच्या पाण्याला विजेचं काय! पण मोटारी थांबल्या की पाणीच थांबतं. त्या आठवड्यात वीज सारखी जात होती. सेक्रेटरी कधी जागेवर नसत, म्हणून कॉम्प्युटर चालवायचे ते पाटकरी असलेले नामदेवतात्याच. ते वीज गेल्याच्या वेळा रोज नेमानं भरत होते आणि माझा प्रोग्राम त्या मुकाट्यानं घेऊन बाजूला ठेवत होता. कागदावर पाळ्या पुढं सरकत गेल्या. शेपटाला, म्हणजे चारीच्या अगदी टोकाला, जगूआबांचं रान. त्यांची पाळी कागदात येऊन गेली, रानात आलीच नाही. आबा तात्यांकडे गेले तर तात्या म्हणाले, "कागदात झाली म्हंजे झाली, आबा. वाद न्हाय घालायचा, ठरलंय." आबांच्या मिरचीची फुलं गळून गेली.

ती फाइल तात्यांना दिसत होती. रोज दिसत होती. पण एकसष्ट ओळींत एकेचाळिसावी कुणाला दिसणार?

आपण दोघं भिगवणला गेलो ते त्यानंतर. मी एसटीत बसून वहीत सगळे प्रश्न क्रमानं लिहून काढले होते, म्हणजे पुन्हा काही सुटायला नको. आबा बांधावर बसलेले. मी माफी मागितली, ती त्यांनी हात हलवून बाजूला केली. मग मी वही उघडली.

"आबा, चारीला दारं किती?"

"धा."

"त्यातली पक्की किती, मातीची किती?"

"सा पक्की."

"बरं. एका दाराला पाणी पोचायला वेळ किती लागतो? आधी पक्क्या दाराचं सांगा."

सातव्या प्रश्नाला आबा उठले. धोतर झटकलं. "बाई, धारंची येळ झाली. म्हशी वरडाय लागल्यात. आता तीन इचारा. चौथा न्हाय."

मी वहीत तीन महत्त्वाचे शोधू लागले. सापडेनात, कारण सगळेच महत्त्वाचे होते. तेवढ्यात तू चपला हातात घेऊन आबांच्या मागं मागं चालायलाही लागलास.

"आबा, पाणी पाटाचं का उपशाचं?"

"डोळं गेलं का काय तुझं? मोटारी काय शोभंला ठेवल्यात?"

"पहिलं पाणी कुणाला?"

"शेपटाला. वरच्याला आधी दिलं तर शेपटाला काय उरतंय, कप्पाळ?"

"पाळी कुठल्या वारी सुरू?"

"बाजार झाला की दुसऱ्या दिशी. बाजारादिवशी कोण दारं धरतंय?"

आणि आबा गोठ्यात गेले. तू माझ्याकडे वळून बघितलंस. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ना, शब्बीर, ते मला अजून सहन होत नाही. तुला सगळं मिळालं होतं. माझी वही उघडीच होती.

भिगवणच्या स्टँडसमोर तू तळलेली चिलापी मासळी मागवलीस, मी डबा उघडला. तिथं आपलं ते भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत मिटलं नाही.

"उपसा म्हटलं की तुझ्या अकरा ओळी आपोआप ठरतात," तू म्हणालास. "वीज, मोटारी, पाणी चढायचा वेळ, सगळं. मग त्या तात्याला कशाला विचारायच्या?"

"आणि आपोआप ठरलेलं चुकलं तर? मी कुठं बघू?"

"तू बघ की. तात्याला कशाला दाखवतीस?"

"लपवलेलं दुरुस्त करता येत नाही, शब्बीर."

"आणि दाखवलेलं?" तू काटा काढत म्हणालास. "अब्बांच्या स्टार्टरला दोन बटणं असतात. हिरवं नि लाल. आत तारेचे वेढे किती, ते अब्बा शेतकऱ्याला विचारत न्हाईत."

"पण त्या स्टार्टरच्या झाकणाला चार स्क्रू असतात ना?" मी म्हटलं. "का अब्बा झाकण वेल्डिंग करून टाकतात?"

तू घास तोंडात धरून गप्प बसलास. पाच वर्षांत तुला गप्प बसवलेलं ते एकच. मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलंय.

तरी तू तुझंच केलंस. तीन प्रश्न, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरात. तात्यांनी ते वाचले, तीन उत्तरं दिली आणि प्रोग्राम आपला आपण बांधला. तेव्हापासून तो शब्बीरभाईचा प्रोग्राम. मी कुठल्याही संस्थेत गेले की लोक आधी माझ्या खांद्यावरून मागं बघायचे. "शब्बीरभाई न्हाय आलं व्हय?" मग चहा. तू असलास की आधी चहा.

लोणी भापकरला तुझे तीन प्रश्न अडले तेव्हा, देवाशपथ, मला बरं वाटलं. तिथं पाटाचं पाणी आधी विहिरीत सोडतात आणि मग मोटारीनं उचलतात. पाटाचं का उपशाचं? दोन्ही. तुझ्या प्रोग्रामला दोन्ही कळत नव्हतं. तू उन्हातान्हाचा लूना मारत क्लासवर आलास. "मंगल, तुझी ती फाइल दे."

"कुठली?"

"एकसष्टवाली."

"ती तर कुणाला लागत नाही ना?"

तू हात जोडलेस. मी तुला तीनदा मागायला लावली आणि मग दिली. तू फाइल घेऊन गेलास, चार ओळी बदलल्यास, लोणीचं काम झालं. लोणीच्या लोकांनी हार तुझ्या गळ्यात घातला. तू तो आणून माझ्या टेबलावर ठेवलास. मी म्हटलं, "फुलांचा कचरा होतो इथं." आज ते वाक्य मला परत घ्यायचंय. हार मला हवा होता, शब्बीर. पण तू दिलेला नको होता.

मग शेवटचं. उन्हाळी पाळीची तयारी सुरू झालेली. तू म्हणालास, नव्या बांधणीत फाइल कुठंच दिसणार नाही. पडद्यावर फक्त तीन प्रश्न. मी परत तेच काढलं. दुरुस्ती कशी करायची, लोणीसारखं आणखी कुणाचं निघालं तर काय करायचं, उद्या आपल्या दोघांशिवाय तिसऱ्या कुणी हा प्रोग्राम हाती घेतला तर त्यानं काय वाचायचं. सगळे मुद्दे बरोबर होते. आजही बरोबर आहेत. पण बोलता बोलता तोंडातून निघून गेलं, "मग माझं काम कुठं दिसणार?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता हसशील. हसला नाहीस. कॉम्प्युटरवर कापड टाकलंस, लूनाची किल्ली घेतलीस. "बघू," म्हणालास. तीन दिवस तू इंदापूरला होतास. चौथ्या दिवशी फोन आला तो मुमताजच्या भावाचा.

चाळिसाव्याला मी काही मागितलं नव्हतं, तरी निघताना मुमताजनं निळा डबा आणि रजिस्टर आणून दिलं, खणाची किल्ली दिली. म्हणाली, "तुमचं नाव घालून ठेवलंय त्यांनी एकावर." वरचीच फ्लॉपी. तुझं ते उताणं अक्षर: उन्हाळी, मंगलला दाखवायची.

तुझं बघायच्या आधीच मी ठरवलं होतं की माझी जुनी बांधणी पाठवायची. एकसष्ट ओळींची, सगळं समोर असलेली. अडवणारं कोणी नव्हतं. सात संस्थांची कामं, आठ दिवस हातात, आणि प्रोग्राम ज्याच्या नावानं ओळखला जातो तो नाही. संस्थांना माझं काम एकदा तरी दिसलं असतं. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण ठरवलं होतं.

सकाळी क्लास सुरू व्हायच्या आत फ्लॉपी घातली. तीन प्रश्न आले. तिसऱ्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती: तुमचं यात बसत नसेल तर एफ नऊ दाबा. मी दाबलं.

माझी फाइल उघडली. सगळी. माझ्याच क्रमानं, माझ्या टिपांसकट. एकेचाळिसाव्या ओळीखालची माझी ती लांबलचक टीपसुद्धा, जी मी जगूआबांच्या प्रकारानंतर लिहिली होती आणि जिच्यावर तू "हा काय निबंध?" म्हणाला होतास. वरती मथळा होता, झाकण. त्याखाली: चार स्क्रू बाईंकडं आहेत.

मला रडू यायला हवं होतं. नंतर आलंही. पण आधी काय आलं ते ऐक. एक बटण! पाच वर्षं आपण भांडलो आणि उत्तर एका बटणाचं होतं, आणि तेही तुला सुचलं. माझ्याच स्क्रूवरून. मला का नाही सुचलं? मी खुर्ची मागं सारून उभीच राहिले. गेलेल्या माणसाचा इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं.

म्हणून मी तुझ्यात चूक शोधायला बसले. दोन दिवस शोधली, आणि सापडली.

तुझा तिसरा प्रश्न नकोच होता, शब्बीर. पाळी कुठल्या वारी सुरू? माझ्या वहीत सातही संस्थांचे नियम एकाखाली एक लिहिलेले आहेत. सातही ठिकाणी पाळी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. आणि गावाचा बाजार कधी, ते माझ्या बाराव्या ओळीत पहिल्यापासून आहे, कारण बाजारादिवशी दारं बंद ठेवायची असतात. म्हणजे जे फाइलीला माहीत होतं ते तू माणसाला विचारत होतास! आबांनी तर तुला तेव्हाच सांगितलं होतं. तू उत्तर घेतलंस, पण ते सगळ्यांचंच उत्तर आहे हे तुला कळलं नाही, कारण तू याद्या करत नाहीस.

तो प्रश्न मी काढला. त्याच्या जागी लोणीचा घातला: पाटाचं पाणी विहिरीत घेऊन उचलता का? यंदा आणखी दोन संस्था तसं करू लागल्यात. आता त्यांना एफ नऊपर्यंत जावंच लागत नाही. प्रश्न तीनच राहिले. चौथा न्हाय. झाकण तू ठेवलंस तिथंच आहे. माझी जुनी बांधणी मी पाठवली नाही. सातही फ्लॉप्या परवा एसटीनं रवाना केल्या.

काल दुपारी तात्यांचा फोन आला.

"बाई, बांधला बघा. च्या गार व्हायच्या आत."

"अडलं का कुठं?"

"न्हाय. अडायला तीनच तर हायत."

"एफ नऊ दाबलंत का?"

"कशापायी? बसलं की समदं." मग, "त्यो तिसरा सवाल नवा हाय न्हवं?"

"हो. नवा आहे."

"वाटलंच. म्हंजे लोनीवाल्यांचं आता निस्तरलं. शब्बीरभाईचं डोकंच येगळं, बाई. जाता जाता बी करून गेला."

माझ्या तोंडाशी आलं होतं. पाच वर्षांची सवय आहे. तिकडं फोनमध्ये प्रिंटर कागद काढत होता, त्याचा करकर आवाज येत होता.

"व्हय, तात्या," मी म्हटलं.

"जगूआबाला पयलं पाणी हाय उद्या. ठेवतो."

तात्यांना सांगितलं नाही, म्हणून तुला सांगते. तिसरा प्रश्न माझा आहे. तुला सांगावं लागलं नसतं. तू फ्लॉपी घातली असतीस, पडद्याकडे बघितलं असतंस आणि एका क्षणात तुझं तोंड पडलं असतं. ते तोंड मला बघायचं होतं. सात संस्थांत तो प्रश्न माझा हे ओळखणारा माणूस एकच होता.

यादीतल्या चार गोष्टींपुढं खूण केली आहे. पंच मशीन मी मुमताजकडे मागितलं नाही, मागणारही नाही. पाचवी ओळ तशीच ठेवली आहे. तुझ्याकडून काहीतरी यायचं बाकी आहे, असं कुठंतरी लिहिलेलं असू दे.